प्रज्ञाच्या वाट्याला शेजाऱ्यांची बाजू आली

"ताई, सिंगापूर बघायचं असेल तर आत्ताच ये," मिलिंद फोनवर म्हणाला. "पुढच्या महिन्यात आमचं घर इथे असेल की नाही, सांगता येत नाही."

मिलिंद माझा धाकटा भाऊ. इंजिनिअर आहे. प्रज्ञा बालवाडीत जायच्या वयाची होती तेव्हा बायको-पोरीला घेऊन तिकडे गेला, आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात "ताई, ये ना" म्हणतोय. मी दर उन्हाळ्यात काही ना काही सबब काढायची. कधी बोर्डाचे पेपर, कधी गुडघा. या वेळी सबब काढायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

गोष्ट अशी होती. मंदीमुळे त्याच्या कंपनीने राहायला घर देणं बंद केलं होतं. क्लेमेंटीतल्या ज्या फ्लॅटमध्ये ते राहायचे तो मालकाला मुलाच्या लग्नासाठी परत हवा होता. महिनाअखेरीपर्यंत दुसरं घर मिळालं तर सगळं होतं तसं चालणार. नाही मिळालं तर मिलिंद ऑफिसातल्या पोरांबरोबर एका खोलीत राहणार, आणि माझी भावजय वैशाली आणि प्रज्ञा माझ्याबरोबर नागपूरला येणार. म्हणजे पोरीची शाळा अर्ध्यात तुटणार. माझ्या परतीच्या तिकिटाबरोबर त्या दोघींची तिकिटं काढायची का नाही, ते माझ्या मुक्कामात ठरायचं होतं. असल्या सहलीला कोण जातं? मी गेले.

जाणाऱ्यांसाठी कामाचं आधी सांगून टाकते. व्हिसा एजंटमार्फत आठवड्यात होतो, त्यात काही डोकेदुखी नाही. नागपूरहून मुंबई आणि मुंबईहून रात्रीचं विमान, सकाळी तुम्ही तिथे. २००९च्या जूनमध्ये तापाची साथ होती, त्यामुळे विमानतळावर एका कॅमेऱ्यासमोरून सगळ्यांना चालत नेत होते. कोणाचं अंग गरम आहे ते पडद्यावर लाल दिसतं म्हणे. मी घामाघूम होते, मला वाटलं आता मला बाजूला काढतात. काढलं नाही. टॅक्सीच्या फंदात पडू नका. विमानतळाच्या खालूनच एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, मिळते, मध्ये एकदा गाडी बदलायची आणि थेट क्लेमेंटी. एक कार्ड घ्या, तेच बसला चालतं. आणि छत्री ठेवा. पाऊस तिथे कधीही येतो आणि कोणालाही त्याचं काही वाटत नाही.

क्लेमेंटीचं घर नवव्या मजल्यावर होतं. दार उघडलं तर हॉलमध्ये अर्धवट भरलेली खोकी. भरायची की उघडायची हे ठरलेलं नाही, म्हणून तशीच पडलेली. भिंतीवर आमच्या सगळ्या घरांत असतो तो फोटो, निळा कोट, हातात घटनेचं पुस्तक. तेवढा एक अजून खाली उतरवला नव्हता. वैशाली मला बघून हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "चहा ठेवते ताई," म्हणून आत गेली.

प्रज्ञा पंधराची झालीय. माझ्यापेक्षा उंच. मराठी बोलते, पण वाक्य मराठीत सुरू होतं आणि संपतं तिकडच्याच भाषेत. "आत्या, तू फायनली आलीस लाह," म्हणून गळ्यात पडली. मी नागपूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते, त्यामुळे तिने पहिल्याच चहाला मला कामाला लावलं. तिकडच्या एका अमेरिकन पद्धतीच्या शाळेने जूनच्या सुट्टीत हायस्कूलच्या मुलांसाठी आठवड्याभराचा वर्ग ठेवला होता. अमेरिकेची घटना आणि तिथली न्यायालयं. बाहेरच्या शाळांतल्या मुलांनाही प्रवेश होता, हिने हट्टाने मिळवला होता. शेवटच्या दिवशी लुटूपुटूचं सुप्रीम कोर्ट भरवायचं, मुलांनी वकील व्हायचं.

खटला सोपा होता, माझ्यासारखीलाही लगेच कळला. अमेरिकेतल्या एका गल्लीतल्या घरमालकांनी आपसात लेखी ठरवलं की काळ्या माणसाला कोणी घर विकायचं नाही. एकाने विकलं. काळं कुटुंब राहायला आलं. शेजारी कोर्टात गेले आणि खालच्या कोर्टाने कुटुंबाला बाहेर काढायचा हुकूम दिला. हे घटनेत बसतं का, हा प्रश्न. पुढे तिथे असल्या प्रकाराविरुद्ध वेगळा कायदा झाला, पण हा खटला त्याच्या आधीच्या काळातला धरायचा.

"मग तू त्या कुटुंबाची वकील ना?" मी विचारलं.

"नाही. शेजाऱ्यांची."

मी चहाचा कप खाली ठेवला. "घर सोडा म्हणणाऱ्यांची?"

"पिशवीतून चिठ्ठी काढायची असते, आत्या. जी साइड येईल ती."

"मग बदलून माग."

"बदलत नाहीत. दॅट्स द पॉइंट. स्वतःला पटत नाही ती बाजूसुद्धा नीट मांडता आली पाहिजे."

मी भडकले. गेल्या गेल्या भडकायला नको होतं, पण माझा स्वभाव कुठे जाणार. म्हटलं, आपल्या घरातल्या पोट्टीने ही बाजू मांडायची? त्या भिंतीकडे बघ आणि सांग. मिलिंद तेवढ्यात ऑफिसातून आला होता, बूट काढत होता. "ताई," तो म्हणाला, "आल्या आल्या नको." त्याच्या आवाजात राग नव्हता. थकवा होता. 

पुढचे दोन दिवस मी सिंगापूर बघितलं असं म्हणायचं. पाण्याची चूळ टाकणारा तो सिंह बघितला. अपेक्षेपेक्षा लहान आहे, फोटो काढा आणि पुढे व्हा. लिटल इंडियात केळीच्या पानावर जेवले, भात मागाल तितका वाढतात, दोघांत एक ताट पुरतं. सकाळचा नाश्ता मात्र क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्येच करा, एका छपराखाली खाण्याच्या टपऱ्या असतात. तिथे एक तमिळ अण्णा पराठा हवेत भिरकावून मोठा करतो, त्याला प्राता म्हणतात, सोबत डाळीची पातळ आमटी. पोटभर होतं आणि आपल्याकडच्या हॉटेलापेक्षा फार महाग पडत नाही. चहाला 'ते' म्हणायचं. दूध नको असेल तर आधी सांगायचं, नाहीतर कंडेन्स्ड दुधाचा गोड मारा होतो.

पण मिलिंद तिथेच टेबलाशी बसून घरासाठी फोन करत असायचा, त्यामुळे घास नीट उतरायचा नाही. पेपरातल्या जाहिरातींवर खुणा केलेल्या. तो नाव फक्त मिलिंद सांगायचा. पलीकडून एजंट काय बोलतोय ते मलाही ऐकू यायचं. "व्हॉट रेस, सर?" इंडियन म्हटलं की लगेच, "सॉरी सर, ओनर डोन्ट वॉन्ट. कुकिंग स्मेल, यू नो." मिलिंद थँक यू म्हणायचा आणि पुढचा नंबर फिरवायचा. एका एजंटला तो म्हणाला, आम्ही फार स्वयंपाक करत नाही. शेजारी बसलेली वैशाली प्लेटकडे बघत राहिली. तिच्या हातची कढी नागपुरात गल्लीभर नावाजलेली आहे.

"चिडत नाहीस तू?" मी विचारलं.

"हे बरं असतं, ताई. तोंडावर सांगतात, आणि सगळ्या इंडियनना सांगतात. त्यात मी एकटा नसतो."

त्याला काय म्हणायचंय ते मला तेव्हाच कळलं. वैशालीलाही कळलं. प्रज्ञा ताटातली डाळ बोटाने निपटत होती, तिला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी वर्गात पालकांना बोलावलं होतं. मिलिंदला सुट्टी नाही, वैशाली एक घर बघायला चोआ चू कांगला गेलेली, म्हणून मी गेले. शिकवणारे मिस्टर डॉयल. म्हातारे अमेरिकन वकील, निवृत्त झाल्यावर मुलीकडे सिंगापूरला येऊन राहिलेले. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, आवाज मऊ. कोणी पोरगं बोलायला उभं राहिलं की दुसऱ्या वाक्याला त्याला तोडायचे आणि प्रश्न विचारायचे. मला ते उद्धटपणाचं वाटलं, पण प्रज्ञाने कानात सांगितलं की तिथल्या मोठ्या कोर्टात असंच असतं. वकिलाला भाषण करू देत नाहीत. न्यायाधीश मध्येच विचारतात आणि उत्तर द्यावंच लागतं. शिवाय खालच्या कोर्टाच्या कागदांत जे आलंय तेवढंच बोलायचं. बाहेरचं काही आणायचं नाही.

शेवटी त्यांनी पालकांना काही विचारायचंय का म्हणून विचारलं. मी हात वर केला. आमच्या घटनेत असा खटला उभाच राहणार नाही, मी म्हटलं. आमच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि ती सरकारने पाळायची नाही एवढंच नाही लिहिलं. कोणीच पाळायची नाही. शेजाऱ्यानेही नाही, दुकानदारानेही नाही. हे मी इतकी वर्षं शिकवतेय की झोपेतही म्हणेन, इंग्रजीतही म्हणेन.

डॉयलसाहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी मुलांना सांगितलं, हे लिहून घ्या. मग फळ्यावर त्यांच्या चौदाव्या दुरुस्तीतले शब्द लिहिले. कोणतंही राज्य कोणालाही कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही. "बघा," ते म्हणाले, "आमची घटना फक्त सरकारशी बोलते. या बाईंची घटना माणसामाणसांशी बोलते." माझी छाती अशी फुलली की काय सांगू. परक्या देशात, परक्या माणसाच्या तोंडून. त्या दिवशी मी फार खुशीत होते.

बसमध्ये प्रज्ञा म्हणाली, "थँक यू, आत्या. तू माझं आख्खं आर्ग्युमेंट देऊन टाकलंस."

"कसलं?"

"आमच्या खटल्यातली घटना शेजाऱ्यांशी बोलतच नाही. सो माझे क्लायंट सेफ."

 तिथूनच मी तिला सिंगापूरच्या नवीन सुप्रीम कोर्टाची इमारत दाखवायला नेणार होते, माथ्यावर मोठी थाळी ठेवल्यासारखी आहे ती. सामान्य माणसाला आत सोडतात, वरच्या मजल्यावरून नदी दिसते, पैसे पडत नाहीत. गेलो आम्ही. तिने खूप फोटो काढले. मला वकील व्हायचंय असं ती तिथे पहिल्यांदा माझ्याशी बोलली, आणि मला मनापासून वाटलं की घर मिळावं.

आणि चौथ्या दिवशी ते मिळालंच जवळपास. वैशालीच्या ओळखीतल्या कोणीतरी सांगितलं, सेंगकांगला एक मराठी कुटुंब आहे, ते ऑस्ट्रेलियाला चाललेत, फ्लॅट भाड्याने देणार आहेत. आपल्याच माणसाला द्यायचाय म्हणतात. मिलिंदने फोन केला. मिलिंद, नागपूरचा, एवढंच म्हणाला. काकू म्हणाल्या, "अहो मग लगेच या, मुलीला पण आणा."

सेंगकांग तसं लांब आहे. जांभळ्या लाइनने जायचं आणि तिथून ड्रायव्हर नसलेली एक छोटी गाडी इमारतींच्या मधून फिरवते. प्रज्ञाचा वर्ग दुपारी सुटला होता, तीही आली. घर बघून वैशालीचा चेहरा मी कितीतरी दिवसांनी उजळलेला बघितला. स्वयंपाकघराला मोठी खिडकी. समोर मुलांची बाग. काकू प्रेमळ होत्या, खोटं कशाला बोलू. आल्या आल्या कोकम सरबत दिलं, डब्यातल्या चकल्या दिल्या, प्रज्ञाच्या गालावरून हात फिरवला. "कांदा-लसूण काय हवं ते करा हो, मला त्याचं काही नाही," म्हणाल्या. "इथे चिनी एजंट किती तोरा दाखवतात. आपलं माणूस मिळालं की जिवाला बरं वाटतं." किल्ली कधी देतील तेसुद्धा बोलून झालं. मिलिंद चक्क पाय पसरून बसला होता.

मग काकू म्हणाल्या, "आडनाव काय म्हणालात तुम्ही?"

मिलिंद सरबताचा घोट घेत होता. त्याने घोट पूर्ण केला, पेला खाली ठेवला, तोंड पुसलं. त्याची ही युक्ती मला लहानपणापासून माहीत आहे. तो काहीतरी दुसरंच काढून बोलणं वळवणार होता, आईने आम्हा दोघांना तसंच शिकवलं होतं. नागपूरच्या उन्हाचं काढणार, नाहीतर संत्र्यांचं. पण प्रज्ञाला कोणी काही शिकवलं नव्हतं. मोठ्यांनी विचारलं की उत्तर द्यायचं, एवढंच तिला माहीत.

"गजभिये, आंटी," ती म्हणाली. स्पष्ट, छान.

"अच्छा," काकू म्हणाल्या. "अच्छा, अच्छा." त्यांनी चकल्यांच्या डब्याचं झाकण लावलं. हसू तसंच होतं, पण आता त्या आमच्यापैकी कोणाकडे बघत नव्हत्या. "नाही, इथे देवघर आहे ना आमचं. सासूबाईंनी बसवलेलं, ते काही हलवणार नाही आम्ही. तुमच्यात ते... म्हणजे तुम्हाला अडचण व्हायची." वैशाली पटकन म्हणाली की आम्ही त्या खोलीला हातसुद्धा लावणार नाही. काकू म्हणाल्या, "ह्यांना विचारून कळवते हं." दारापर्यंत सोडायला आल्या, प्रज्ञाला खूप शीक म्हणाल्या.

  परतताना आउट्रम पार्कला गाडी बदलायला उतरलो तेव्हा प्रज्ञाने विचारलं, "मी काही चुकीचं बोलले का?"

मिलिंद पुढे चालत राहिला. वैशाली त्याच्या मागे गेली. मग मीच थांबले. प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसून मी त्या पोरीला सांगितलं की आपल्या आडनावावरून काय कळतं आणि कळल्यावर काय होतं. तिला जात माहीत होती. इतिहासाच्या पुस्तकात वाचली होती, वैशाखातल्या पौर्णिमेला विहारात भाषणं ऐकली होती. ती संपलेली गोष्ट आहे असं तिला वाटत होतं. मी सांगत होते आणि ती हं, हं करत होती. दोन गाड्या गेल्या. मला त्या काकूंचा राग येत होता, मिलिंदचा येत होता, आणि काल वर्गात छाती फुगवून उभी राहिले होते त्या माझा सगळ्यात जास्त येत होता.

"पण आंटी तर इतकी नाइस होती," प्रज्ञा शेवटी म्हणाली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. फ्लॅट ह्यांच्या मावसभावाला द्यायचं ठरलंय, वाईट वाटतंय हो. मिलिंद त्यांनाही थँक यू म्हणाला. मग त्याने विमान कंपनीला फोन लावला.

शेवटच्या दिवशीचं कोर्ट शाळेच्या ग्रंथालयात भरलं. मिलिंद अर्धी सुट्टी काढून आला. मधल्या खुर्चीवर डॉयलसाहेब काळा झगा घालून, दोन्ही बाजूंना दोन पालक, तेही वकील. टेबलावर लाल दिवा, तो लागला की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं. आधी त्या कुटुंबाच्या बाजूची मुलं बोलली, बरी बोलली. मग प्रज्ञा उठली. शाळेचा पांढरा शर्ट, केस घट्ट बांधलेले. ठरवल्याप्रमाणे सुरुवात केली. करार खाजगी माणसांचा आहे, घटना सरकारला बांधते, खाजगी माणसाला नाही, कोर्टाने फक्त लोकांना त्यांच्या शब्दाला जागायला लावलंय. आवाज थरथरला नाही.

डॉयलसाहेबांनी तोडलं. हे सगळं इंग्रजीत झालं, मी आठवेल तसं मराठीत देते.

"समजा ते कुटुंब घर सोडत नाही. मग दारात कोण येतं?"

"पोलीस, युअर ऑनर."

"पोलीस कोणाचा?"

"सरकारचा."

"मग सरकार आलंच की त्यांच्या दारात."

ग्रंथालयात हलकं हसू उठलं. यातच सगळा खटला होता, ते मलाही कळलं.  प्रज्ञासमोर टिपणं होती, त्यांच्याकडे तिने बघितलं नाही.

"आलं, युअर ऑनर," ती म्हणाली. "पण पोलीस शेवटी येतो. त्याच्या आधी कोणीतरी आडनाव विचारतं. ते सरकार विचारत नाही. ते लोक प्रेमाने विचारतात. सरबत देऊन विचारतात. मग डब्याला झाकण लावतात. तिथे पोलीस नसतो, हुकूम नसतो, काहीच नसतं. या घटनेला त्यांच्याशी काही बोलायचं असतं तर तिने लिहिलं असतं. तिने नाही लिहिलं. म्हणून माझे अशील जिंकले पाहिजेत."

कोणी हसलं नाही. डॉयलसाहेबांनी चष्मा काढला. "वकीलबाई, तुम्हाला हे योग्य वाटतं?"

"तो प्रश्न या कोर्टापुढे नाही, युअर ऑनर," ती म्हणाली, आणि अजून काही बोलणार तोच लाल दिवा लागला. ती बसली.

निकाल कुटुंबाच्या बाजूने लागला. कोर्टाचा हुकूम म्हणजे सरकारचाच हात, म्हणून शेजाऱ्यांना कोर्टाची मदत मिळणार नाही. खऱ्या अमेरिकेतही असंच झालं होतं म्हणे. खटल्यातल्या कुटुंबाला घर मिळालं. उत्तम वकिलाचं बक्षीस एका चिनी मुलाला गेलं. डॉयलसाहेब नंतर आमच्याकडे आले आणि प्रज्ञाचा हात हातात घेऊन म्हणाले की इतक्या वर्षांत असं उत्तर ऐकलं नाही, पण ते कागदांच्या बाहेरचं होतं, मला गुण कापावे लागले. ती म्हणाली, आय नो, सर.

बाहेर बसस्टॉपवर मिलिंद तिला म्हणाला, "सरबताचं बोलायची काय गरज होती?"

"मला माहितीये पापा, ते रेकॉर्डमध्ये नव्हतं." मग म्हणाली, "ते कुठल्याच रेकॉर्डमध्ये नसतं ना?"

मिलिंद रडला. चारचौघांत, बसस्टॉपवर, तोंडावर रुमाल धरून. "तिला आडनाव लपवायला शिकवलं नाही मी, ताई," तो मला म्हणाला. "वाटलं इतक्या लांब आलोय, गरज पडणार नाही." प्रज्ञाने त्याची बॅग घेतली आणि आमची बस आली तरी आम्ही चढलो नाही.

मग आम्ही तिघी नागपूरला आलो. खोकी मिलिंदच्या मित्राच्या घरी गेली. विमानतळावर तो काचेपलीकडे दिसेनासा होईपर्यंत हात हलवत होता. वैशाली सगळा प्रवास जागी होती. सामानाचं म्हणाल तर जादा वजनाला फार पैसे लावतात, पुस्तकं बोटीने पाठवलेली बरी.

लोक विचारतात, सिंगापूर कसं होतं. स्वच्छ आहे, मी सांगते. झाडं खूप आहेत, बाईमाणूस रात्री एकटी फिरू शकते, प्राता खाल्ल्याशिवाय येऊ नका. हे सगळं खरं आहे. पण डोळ्यांपुढे येतं ते काकूंच्या घरातलं वैशालीचं उजळलेलं तोंड, आणि त्यानंतरचं.

प्रज्ञाला इथे नववीत बसवलं, एक वर्ष मागे. मराठीचा तास तिला जड जातो, वर्गातल्या मुली तिच्या इंग्रजीला हसतात. मिलिंद घर शोधतोच आहे, रविवारी फोन करतो. मी तिची समजूत काढायला एकदा म्हटलं, "इथे असता तो खटला, तर तुझे शेजारी पहिल्याच दिवशी हरले असते. आपली घटना प्रत्येकाच्या दारापर्यंत जाते." 

परवा संध्याकाळी ती कोपऱ्यावरून दही घेऊन आली. पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "आत्या, मी येताना सगळ्या पाट्या वाचल्या. मेश्राम, रामटेके, वासनिक, परत मेश्राम, पाटील पण आपल्यातलेच म्हणतात. पलीकडच्या गल्लीत पण. सगळे आपलेच."

"आपली वस्ती आहे ना ही," मी म्हटलं.

"पण घटना प्रत्येक दारापर्यंत जाते ना? मग आपण सगळे एकाच गल्लीत कसे?"

सतरावं कलम मी आयुष्यभर शिकवलं, पण हा प्रश्न मला वर्गात कोणीच विचारलेला नाही. आमच्या गल्लीतल्या पोरांना त्याचं उत्तर माहीत असतं, आणि बाकीच्यांची पोरं आमच्या गल्लीत कधी आलेली नसतात.